खोलीतल्या प्रकाशासाठी डाय-सेन्सिटाइज्ड सौरघट कसा सुधारावा: प्रयोगशाळेतील कामाचा क्रम

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओ'रीगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी १९९१ साली टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र थरावर रंगद्रव्य (डाय) चढवून सात टक्क्यांहून थोड्या अधिक कार्यक्षमतेचा सौरघट 'नेचर'मध्ये मांडला, तेव्हा तो छपरावरच्या सिलिकॉनला स्वस्त पर्याय ठरेल अशी अपेक्षा होती. उन्हातली ती स्पर्धा सिलिकॉनने जिंकली. खोलीतल्या दिव्याखाली मात्र हाच घट सिलिकॉनच्या पुढे जातो, आणि घरात, कार्यालयात किंवा गोदामात बसवलेल्या छोट्या सेन्सरांची बॅटरी पुन्हा पुन्हा बदलण्याचे काम टाळायचे असेल तर त्याच्याकडे गांभीर्याने पाहायला हवे. हा लेख असे घट प्रत्यक्ष बनवणाऱ्या पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे. घट बनवण्याची मूळ कृती वाचकाला माहीत आहे असे धरून, उन्हासाठी बसवलेली ही कृती खोलीतल्या प्रकाशासाठी कुठे आणि का बदलायची, एवढेच येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी हिशेब

पांढऱ्या एलईडीच्या १००० लक्स (लक्स हे उजेडाचे एकक) प्रकाशात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३०० मायक्रोवॅट शक्ती पडते; प्रमाणित सूर्यप्रकाशात ती १ लाख मायक्रोवॅट असते. चांगल्या घटातून उन्हात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५ मिलिअँपिअर प्रवाह मिळत असेल, तर १००० लक्सला तो १४० मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ शंभरपट कमी. या एका आकड्यामुळे घटातल्या दोषांची क्रमवारी उलटी होते.

घटाचा एकसर रोध, म्हणजे प्रवाहाच्या वाटेतला अडथळा, २० ओहम-चौरस सेंटिमीटर आहे असे समजा. उन्हात त्यावर ०.३ व्होल्ट वाया जातात, आणि हे नुकसान मोठे आहे. १००० लक्सला त्याच रोधावर तीन मिलिव्होल्टसुद्धा जात नाहीत. आता समांतर रोध, म्हणजे घटातल्या गळतीच्या वाटेचा रोध, पाहा. तो १० हजार ओहम-चौरस सेंटिमीटर असेल तर ०.७ व्होल्टला ७० मायक्रोअँपिअर प्रवाह घटाच्या आतच गळून जातो. उन्हातल्या १५ मिलिअँपिअरपुढे ही गळती अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणून ती कोणाच्या ध्यानातही येत नाही; खोलीतल्या १४० मायक्रोअँपिअरमधून मात्र ती निम्मा प्रवाह खाते. हे नुकसान दोन टक्क्यांच्या आत ठेवायचे तर समांतर रोध किमान अडीच लाख ओहम-चौरस सेंटिमीटर हवा.

म्हणून खोलीसाठीच्या घटात आधी गळती शोधावी आणि ती बंद केल्यावरच बाकीच्या सुधारणांकडे वळावे. नवे रंगद्रव्य मागवणे आकर्षक वाटते, पण गळक्या घटावर उत्तम रंगद्रव्य चढवून हाती फारसे काही लागत नाही.

पहिली पायरी: प्रकाश मोजणे

लक्स हे एकक माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवर आधारलेले आहे, त्यामुळे लक्समीटरचा आकडा सारखाच असूनही दोन दिव्यांखाली घटावर पडणारी शक्ती वेगवेगळी असू शकते. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळे शिखर आणि त्यापुढे रुंद पट्टा असतो. ट्यूबलाइटमध्ये ५४५ आणि ६११ नॅनोमीटरजवळच्या अरुंद रेषांचा वाटा मोठा असतो. म्हणून वापरलेल्या दिव्याचा वर्णपट स्पेक्ट्रोरेडिओमीटरने घ्यावा, त्यावरून शक्ती काढावी आणि कार्यक्षमता त्या शक्तीवरच सांगावी. ते उपकरण विभागात नसेल तर एका दिव्याचा वर्णपट बाहेरून मोजून घ्यावा आणि तोच दिवा संदर्भ म्हणून राखून ठेवावा. दिवा लावल्यावर तो स्थिर होण्यासाठी अर्धा तास जाऊ द्यावा. मोजमाप आतून काळ्या केलेल्या खोक्यात करावे आणि घटावर नेमक्या क्षेत्रफळाचा काळा मुखवटा ठेवावा. खोलीतला प्रकाश सर्व बाजूंनी येत असल्याने मुखवटा नसेल तर कडेने शिरलेला प्रकाश कार्यक्षमता फुगवून दाखवतो.

दुसरी पायरी: अडथळा थर

माझ्या मते सर्वाधिक वेळ याच पायरीला द्यायला हवा. एफटीओ (वीजवाहक लेप असलेल्या) काचेवरील टायटॅनियम डायऑक्साइडचा थर सच्छिद्र असल्यामुळे इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडांमधला प्रभार वाहणारा द्रव) त्यातून झिरपून थेट काचेच्या वाहक पृष्ठभागापर्यंत पोहोचतो, आणि काचेत जमा झालेले इलेक्ट्रॉन तिथेच त्याच्यात परत जातात. इलेक्ट्रोलाइटमधल्या आयोडाइड आणि ट्रायआयोडाइडच्या जुन्या जोडीत ही क्रिया उघड्या एफटीओवर मंद असते, त्यामुळे अडथळा थराशिवायही घट उन्हात बरे चालतात. कोबाल्ट किंवा तांब्याच्या, एकाच इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणाऱ्या जोड्यांत ती वेगाने होते. खोलीतल्या प्रकाशासाठी तांब्याचीच जोडी निवडायची असल्याने हा थर टाळता येत नाही.

काच साबणाचे पाणी, शुद्ध पाणी, अॅसिटोन आणि इथेनॉल यांत क्रमाने अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवावी, आणि नंतर यूव्ही-ओझोनमध्ये ठेवावी. मग ४० मिलिमोलर टायटॅनियम टेट्राक्लोराइडच्या पाण्यातील द्रावणात ७० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे बुडवावी, पाणी व इथेनॉलने धुऊन वाळवावी आणि हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. द्रावण बनवताना खरी कसोटी लागते. शुद्ध टायटॅनियम टेट्राक्लोराइड हवेतल्या बाष्पाशी लगेच अभिक्रिया करते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा पांढरा धूर निघतो, म्हणून हे काम फ्यूम हूडखालीच, हातमोजे आणि चष्मा घालून करावे. बर्फात ठेवलेल्या थंडगार पाण्यात ते थेंबाथेंबाने सोडून आधी दोन मोलरचे साठा द्रावण करावे आणि वापरण्यापूर्वी त्यातून हवे तेवढे पातळ करावे. साठा द्रावण पाण्यासारखे नितळ दिसले पाहिजे. ते दुधाळ झाले असेल तर त्यात ऑक्साइडचे कण आधीच तयार झालेले असतात. असे द्रावण काचेवर सलग थर देत नाही, उलट भुकटी चिकटवते. ते टाकून नवे करावे.

दुसरा मार्ग स्प्रे पायरोलिसिसचा आहे. टायटॅनियम डायआयसोप्रोपॉक्साइड बिस अॅसिटिलअॅसिटोनेटचे आयसोप्रोपॅनॉलमधील द्रावण ४५० अंशांच्या तप्त काचेवर फवारल्यास अधिक दाट थर मिळतो. फवारा हाताने मारत असल्यास दोन फवाऱ्यांमध्ये थोडा वेळ थांबावे, म्हणजे काच थंड होत नाही. थर फार जाड झाला तर इलेक्ट्रॉनांनाही अडवू लागतो, पण खोलीतल्या क्षीण प्रवाहाला तो थोडा अधिक रोध सोसवतो, त्यामुळे उन्हासाठीच्या घटापेक्षा येथे जाडीकडे किंचित झुकायला हरकत नाही.

थर चांगला झाला की नाही हे पूर्ण घट बनवण्याआधीच तपासता येते. फक्त अडथळा थर दिलेली काच, काउंटर (समोरचा) इलेक्ट्रोड आणि नेहमीचा इलेक्ट्रोलाइट एवढाच घट जोडावा आणि अंधारात व्होल्टेज-प्रवाह आलेख काढावा. कोऱ्या एफटीओच्या आलेखाशी तुलना केली की ०.७ व्होल्टला थर किती प्रवाह अडवतो ते कळते. या चाचणीत नापास झालेल्या काचांवर पुढचे श्रम खर्चू नयेत.

तिसरी पायरी: टायटॅनियम डायऑक्साइडचा थर

उन्हासाठी एन७१९ सारख्या रुथेनियम रंगद्रव्याबरोबर १० ते १४ मायक्रोमीटरचा सक्रिय थर वापरतात, कारण त्या रंगद्रव्याचे शोषण दुबळे असते. सेंद्रिय रंगद्रव्ये कित्येक पटींनी जोरदार शोषतात, म्हणून ४ ते ६ मायक्रोमीटरचा सक्रिय थर आणि त्यावर मोठ्या कणांचा सुमारे ४ मायक्रोमीटरचा प्रकाश विखुरणारा थर पुरतो. थर पातळ झाला की इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोलाइटमध्ये परत जाण्याचे क्षेत्रफळ घटते आणि व्होल्टेज वाढते. तांब्याचे संयुग आकाराने मोठे असल्यामुळे २० नॅनोमीटरऐवजी ३० नॅनोमीटर कणांची पेस्ट घेतल्यास छिद्रे मोकळी राहतात.

स्क्रीन प्रिंटिंगनंतर भट्टीचे तापमान टप्प्याटप्प्याने १२५, ३२५, ३७५, ४५० आणि शेवटी ५०० अंशांपर्यंत न्यावे. घाई केली तर पेस्टमधले सेंद्रिय पदार्थ एकदम जळून थराला भेगा पडतात, आणि प्रत्येक भेग म्हणजे इलेक्ट्रोलाइटला काचेपर्यंत जाण्याची वाट असते. भाजल्यानंतर टायटॅनियम टेट्राक्लोराइडची प्रक्रिया पुन्हा एकदा द्यावी आणि प्लेट परत ५०० अंशांना अर्धा तास भाजावी.

भट्टी बंद केल्यावर प्लेट साधारण ८० अंशांवर आली की लगेच रंगद्रव्याच्या द्रावणात सोडावी. पूर्ण थंड होऊ दिली तर सच्छिद्र थर हवेतले बाष्प शोषून घेतो आणि रंगद्रव्याला पकडायच्या जागा पाण्याने व्यापल्या जातात. जून ते सप्टेंबर या काळात कोकणात, आणि पुण्या-कोल्हापूरकडेही, प्रयोगशाळेतली हवा इतकी दमट असते की हा नियम मोडल्यास एकाच तुकडीतल्या घटांचे प्रवाह एकमेकांशी जुळत नाहीत.

चौथी पायरी: रंगद्रव्यांची जोडी

खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश बहुतांशी ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये संपतो. त्यामुळे येथे आदर्श ऊर्जा-अंतर (बँड गॅप, म्हणजे शोषणासाठी लागणारी फोटॉनची किमान ऊर्जा) १.९ ते २ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ येते, सिलिकॉनचे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट या कामासाठी फार कमी पडते, कारण जादा ऊर्जा उष्णतेत जाते. अवरक्त भागात शोषणाऱ्या रंगद्रव्याच्या मागे लागण्याचे कारण उरत नाही. पाहायचे ते एवढेच की ४०० ते ६५० नॅनोमीटरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक फोटॉन पकडला जावा.

हे काम एका रंगद्रव्याने सहसा होत नाही. मरीना फ्राइटाग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'नेचर फोटॉनिक्स'मध्ये डी३५ आणि एक्सवाय१ ही दोन रंगद्रव्ये एकत्र चढवून ४०० ते ६५० नॅनोमीटरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या फोटॉनांपैकी किती इलेक्ट्रॉन देतात ते प्रमाण) आणि १००० लक्सला २८.९ टक्के शक्ती-कार्यक्षमता दाखवली. डी३५ निळा-हिरवा भाग घेते, तर एक्सवाय१ त्यापुढचा. डी३५ वरच्या ब्यूटॉक्सी साखळ्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर आडोसा धरतात आणि इलेक्ट्रोलाइटला लांब ठेवतात, त्यामुळे ते प्रकाश पकडण्याइतकेच गळती थांबवण्याचेही काम करते. पुढे एक्सवाय१ ला एल१ या लहान रेणूची जोड देऊन १००० लक्सला ३४ टक्के गाठले गेले. लहान रेणू मोठ्यांच्या मधल्या फटी बुजवतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या जोडीचे यश शोषणाइतकेच त्या बुजवण्यात आहे.

दोन्ही रंगद्रव्यांचे मिळून ०.१ मिलिमोलरच्या आसपासचे द्रावण टर्शरी ब्यूटॅनॉल आणि अॅसिटोनायट्राइलच्या सम मिश्रणात करावे, त्यात किनोडिऑक्सिकोलिक आम्ल घालावे आणि प्लेट अंधारात सुमारे १६ तास ठेवावी. हे आम्ल रंगद्रव्याचे रेणू एकमेकांना चिकटू देत नाही आणि उघडा पृष्ठभाग झाकते. ते किती घालावे याची मात्र चार-पाच प्रमाणांत चाचणी घ्यावी, कारण जास्त झाले तर ते रंगद्रव्याची जागा घेते. प्रवाह पडतो आणि व्होल्टेज वाढते. दोन्हींचा गुणाकार जिथे सर्वाधिक तिथे थांबावे, आणि ही चाचणी २०० लक्सला घ्यावी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्क्वारेन गटातील रंगद्रव्यांवर काम झाले आहे. ती तांबड्या टोकाला जोरात शोषतात, म्हणून पिवळसर एलईडीखाली चालणाऱ्या घटात सहरंगद्रव्य म्हणून त्यांचा विचार करता येतो. थंड पांढऱ्या दिव्याखाली त्यांचा उपयोग कमी.

पाचवी पायरी: इलेक्ट्रोलाइट

आयोडाइड-ट्रायआयोडाइड जोडीचा रेडॉक्स विभव (इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची पातळी) प्रमाणित हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे ०.३५ व्होल्ट आहे, तर टेट्रामिथाइलबायपिरिडीनशी बांधलेल्या तांब्याच्या जोडीचा ०.८७ व्होल्ट. घटाचे व्होल्टेज या विभवाच्या आणि टायटॅनियम डायऑक्साइडमधील इलेक्ट्रॉन-पातळीच्या फरकातून मिळते, म्हणून तांब्याकडे जाताच अर्ध्या व्होल्टची जागा मोकळी होते. खोलीत प्रकाश शंभरपट घटला की व्होल्टेज १२० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक उतरते. आयोडाइडच्या घटाला हा उतार जड जातो, तांब्याच्या घटाजवळ मात्र त्यानंतरही १००० लक्सला ०.८ व्होल्टच्या आसपास शिल्लक राहतात.

सुरुवात करण्यासाठी अॅसिटोनायट्राइलमध्ये ०.२ मोलर तांबे-एक, ०.०४ मोलर तांबे-दोन (एक आणि दोन धनप्रभारांच्या तांब्याची संयुगे), ०.१ मोलर लिथियमचे टीएफएसआय लवण आणि ०.६ मोलर टर्शरी ब्यूटिलपिरिडीन हे प्रमाण घ्यावे. नंतर तांबे-दोनचे प्रमाण पायरीपायरीने कमी करून पाहावे. उन्हात हे करता येत नाही, कारण आयनांचे वहन अपुरे पडते; खोलीतला प्रवाह इतका क्षीण असतो की वहन पुरून उरते, आणि परत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांना स्वीकारणारे आयन कमी झाल्याने व्होल्टेज सुधारते. आयोडाइडवरच काम करायचे असेल तर हाच न्याय आयोडीनला लावावा: ते कमी केले की गळती तर घटतेच, शिवाय एलईडीच्या निळ्या शिखरातला जो भाग ट्रायआयोडाइड गिळते तोही वाचतो. तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर-एनआयआयएसटी या संस्थेत खोलीतील प्रकाशासाठी तांब्याच्या इलेक्ट्रोलाइटवर काम चालते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे शोधनिबंध जरूर पाहावेत.

सहावी पायरी: काउंटर इलेक्ट्रोड आणि सील

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. तांब्यासाठी पेडॉट (वीजवाहक पॉलिमर) चांगले. पैसे कमी असतील तर कार्बनही चालेल, कारण काउंटर इलेक्ट्रोडवरचा रोध ५० ओहम-चौरस सेंटिमीटर असला तरी १००० लक्सला केवळ ७ मिलिव्होल्ट जातात. दोन काचांमधले अंतर कमीत कमी करण्याची उन्हातली धडपडही येथे अनावश्यक आहे. २५ मायक्रोमीटरचे सर्लिन (तापवून चिकटणारी प्लास्टिक फिल्म) ठेवावे, म्हणजे दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकून शॉर्ट होण्याचा धोका टळतो. सील मात्र नीट करावे. अॅसिटोनायट्राइल ८२ अंशांनाच उकळते आणि फटीतून हळूहळू उडून जाते, म्हणून सर्लिनच्या बाहेरून यूव्ही गोंदाची दुसरी कड द्यावी. घट वर्षानुवर्षे चालवायचा असेल तर १६० अंशांच्या पुढे उकळणारे मेथॉक्सिप्रोपिओनायट्राइल घ्यावे. त्याची जादा चिकटता खोलीतल्या प्रवाहाला अडत नाही.

सातवी पायरी: गळती ओळखणे

घट तयार झाला की १०००, ५००, २०० आणि १०० लक्सला ओपन सर्किट व्होल्टेज (घटाला काही न जोडता मिळणारे) नोंदवावे आणि लक्सच्या लॉगॅरिदमसमोर आलेख काढावा. दर दसपट घटीला व्होल्टेज ७१ मिलिव्होल्टने उतरते असे धरून हिशेब केला, तर निर्दोष घटात ०.८०, ०.७८, ०.७५ आणि ०.७३ असे आकडे सरळ रेषेत येतात. त्याच घटात १० हजार ओहम-चौरस सेंटिमीटरची गळती घातली तर १००० लक्सला ०.७७५, ५०० ला ०.६७५, २०० ला ०.२८ आणि १०० ला जेमतेम ०.१४ व्होल्ट उरतात. १००० लक्सच्या आकड्यावरून या घटात काही बिघाड आहे असे कोणाला वाटणार नाही, आणि म्हणूनच केवळ १००० लक्सची कार्यक्षमता सांगणारा निकाल मला अपुरा वाटतो. निर्दोष घटालाही हा उतार थोडा लागतोच: वर सांगितलेल्या २०१७ च्या घटाने १००० लक्सला दर चौरस सेंटिमीटरला ८८.५ मायक्रोवॅट दिले, त्याच्या पाचव्या हिश्शाने २०० लक्सला १७.७ यायला हवे होते, प्रत्यक्षात १५.६ आले.

रेषा खाली वाकली तर अंधारातला आलेख पाहावा. शून्याजवळ तो सरळ तिरपा असेल तर गळती ओहमी आहे: कडेचा शॉर्ट, सीलखाली अडकलेला कण किंवा इलेक्ट्रोडांचा स्पर्श शोधावा. शून्याजवळ सपाट राहून ०.३ ते ०.५ व्होल्टच्या दरम्यान प्रवाह लवकर चढत असेल तर दोष अडथळा थरात आहे, आणि दुसऱ्या पायरीकडे परत जावे. व्होल्टेज सर्वत्र सारखेच कमी पण रेषा सरळ असेल तर रंगद्रव्याचे आच्छादन किंवा इलेक्ट्रोलाइटचे प्रमाण तपासावे.

आलेख काढताना वेग फार कमी ठेवावा. मंद प्रकाशात इलेक्ट्रॉनांचा वावर लांबतो, घटाची धारिता मोठी असते, आणि उन्हासाठीच्या वेगाने मोजले तर जाण्याचा आणि येण्याचा आलेख वेगळा दिसतो. प्रत्येक व्होल्टेजला किमान एक सेकंद थांबावे, दोन्ही दिशांनी मोजावे, आणि शेवटी सर्वाधिक शक्तीच्या बिंदूवर काही मिनिटे घट धरून मिळणारा आकडा खरा मानावा.

आठवी पायरी: सेन्सरला जोडणे

एकट्या घटाचे व्होल्टेज सेन्सरला पुरत नाही. चार ते सहा घट एकसर जोडावेत, किंवा कमी घट आणि एक एनर्जी हार्वेस्टिंग चिप (क्षीण वीज गोळा करून व्होल्टेज वाढवणारी) वापरावी; टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२५५७० ही त्यापैकी एक. अशा चिपला बंद स्थितीतून सुरू होण्यासाठी ठरावीक किमान व्होल्टेज लागते. बीक्यू२५५७० ला साधारण ०.६ व्होल्ट लागतात, म्हणून संध्याकाळच्या १०० लक्सलाही एकसर जोडणीचे व्होल्टेज त्याच्या वर राहील असे पाहावे. एकसर जोडणीत सर्वांत दुबळा घट संपूर्ण प्रवाह ठरवतो, त्यामुळे सारख्या प्रवाहाचे घट २०० लक्सला निवडून एकत्र जोडावेत.

आकारमान ठरवताना प्रयोगशाळेतल्या विक्रमी आकड्यावर विसंबू नये. ३०० लक्सच्या कार्यालयात मॉड्यूल दर चौरस सेंटिमीटरला ११ मायक्रोवॅट देते असे सावधपणे धरले, तर ३० चौरस सेंटिमीटरमधून ३३० मायक्रोवॅट मिळतात. दिवे आठ तास चालू राहिले आणि चिपमध्ये वीस टक्के गेले, तर दिवसाला सुमारे २.१ मिलिवॅट-तास साठतात. चोवीस तासांवर वाटले की सरासरी ८८ मायक्रोवॅट येतात, आणि मिनिटाला एकदा तापमान पाठवणारा काटकसरी ब्लूटूथ सेन्सर त्यात बसतो. रविवार आणि सुट्ट्यांचा अंधार धरून सुपरकॅपॅसिटर निवडावा, आणि त्याची स्वतःची गळतीही मायक्रोअँपिअरमध्ये मोजून या हिशेबात घ्यावी.